स्वतःची सिग्नल लायब्ररी लिहितोय, एकच कम्प्युटेड दोनदा का पळतंय?

प्रश्न
कुठल्याही फ्रेमवर्कशिवाय वापरता येईल अशी छोटी रिअ‍ॅक्टिव्ह स्टेट लायब्ररी लिहितोय. सिग्नल (बदलता येणारी व्हॅल्यू), कम्प्युटेड (दुसऱ्या व्हॅल्यूंवरून निघणारी व्हॅल्यू), इफेक्ट (व्हॅल्यू बदलली की पळणारं काम, उदा. स्क्रीनवर दाखवणं), बास. कम्प्युटेड चालू असताना त्याला एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवतो, तेवढ्यात जो सिग्नल वाचला जाईल तो त्याला आपल्या सेटमध्ये टाकून घेतो, आणि व्हॅल्यू बदलली की सेटवर लूप लावून सगळ्यांना लगेच पळवतो. साध्या केसला मस्त चालतं. पण ब = अ × २, क = अ + १, ड = ब + क असं केलं आणि अ २ चा ३ केला की ड आधी ९ होतो आणि मग १०. तो ९ यायलाच नको ना! इफेक्ट मायक्रोटास्कमध्ये (चालू कोड संपला की लगेच पळणाऱ्या रांगेत) ढकलले तर स्क्रीनवर फक्त १० दिसतो, पण ड चं फंक्शन तरीही दोनदा चालतंच.

प्रतिसाद १
हा डायमंड प्रॉब्लेम (अ पासून दोन वाटा फुटतात आणि ड मध्ये परत मिळतात), आणि त्या मधल्या ९ ला ग्लिच म्हणतात. बदल झाल्या झाल्या हिशोब करायला जाऊच नकोस. सेट करताना फक्त खुणा पुढे ढकल: अ वर थेट अवलंबून असलेले ब, क डर्टी (नक्की परत काढायचे), त्यांच्या पुढचा ड नुसता 'चेक' (कदाचित बदलला असेल, आधी बघायचं). हिशोब कोणीतरी ड वाचेल तेव्हा. त्या वेळी ड आधी ब आणि क ला ताजं व्हायला सांगतो, दोघांपैकी एक जरी बदलला तर स्वतः एकदाच पळतो, नाहीतर जुनीच व्हॅल्यू देतो. वाचायला कोणी नसेल तर कामच होत नाही, आणि माझ्या मते खरा वेग इथेच मिळतो.

प्रश्नकर्ता
अरे वा. पण मग 'चेक' वेगळं कशाला, सगळ्यांनाच डर्टी केलं तर?

प्रतिसाद १
समज 'संख्या सम आहे का' असं कम्प्युटेड आहे आणि संख्या २ ची ४ झाली. उत्तर तेच, मग त्याच्यावर लटकलेलं पुढचं सगळं झाड कशाला हलवायचं? सरसकट डर्टी केलंस तर ही बचत हातची गेली. जुन्या-नव्या व्हॅल्यूची तुलना जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्ट डॉट इज (Object.is) ने कर, नाहीतर नॅन (NaN, 'संख्या नाही' अशी व्हॅल्यू, जी === ने स्वतःशीही जुळत नाही) आला की तो दरवेळी बदलला असंच वाटेल.

प्रतिसाद २
वरचं पटलं, फक्त तो सेट पण बघा. इफ-एल्समुळे डिपेंडन्सी (कम्प्युटेड ज्या व्हॅल्यू वाचतो त्या) दर रनला बदलू शकतात, म्हणून बरेच जण दरवेळी सेट रिकामा करून परत भरतात आणि गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्याला) फुकटचं काम लावतात. प्रीअ‍ॅक्ट सिग्नल्स या लायब्ररीमध्ये यासाठी डबली लिंक्ड लिस्ट (पुढे-मागे जोडलेल्या नोडची साखळी) आहे, म्हणजे तीच डिपेंडन्सी परत आली तर जुना नोड तसाच वापरायचा. व्ह्यू या फ्रेमवर्कच्या ३.५ (सप्टेंबर २०२४) मध्येही रिअ‍ॅक्टिव्हिटीचा गाभा याच वाटेने नव्याने लिहिला, तेव्हा मेमरीचा वापर ५६ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांनीच सांगितलंय. पण आधी डायमंडची टेस्ट पास करा, लिस्ट नंतर, कारण चुकीचं उत्तर लवकर मिळून काय उपयोग.

प्रतिसाद ३
डिस्पोज (नको झालेला इफेक्ट बंद करणं) विसरू नका प्लीज, छोट्या लायब्ऱ्यांमध्ये हेच राहून जातं. इफेक्टच्या आत दुसरा इफेक्ट बनला आणि बाहेरचा परत पळाला तर आतला जुना आधी मारायला हवा, नाहीतर तो सिग्नलला चिकटून राहतो आणि दर बदलाला एकाच्या जागी दोन, मग तीन असे पळत सुटतात. प्रत्येक इफेक्टने आपल्या पोटातल्या इफेक्टची यादी ठेवायची आणि परत पळण्याआधी ती साफ करायची. याला ओळी फार लागत नाहीत, साइज नाही वाढत.