संथ नेटवर्कवर व्हिममध्ये बाणाची कळ दाबल्यावर नवी ओळ आणि अक्षर उमटते, उपाय हवा आहे

नमस्कार. वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर गेले दोन महिने मी सिंधुदुर्गातील आमच्या गावातून काम करते आहे. येथे मोबाइलच्या इंटरनेटशिवाय दुसरी सोय नाही आणि ज्या सर्व्हरवरील कॉन्फिग फाइल्स मला व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये बदलाव्या लागतात तो फ्रँकफर्टला आहे. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ, सकाळी ३०० मिलिसेकंद असते, संध्याकाळी ९०० पर्यंत जाते.

एसएसएचमध्ये (दूरच्या सर्व्हरवर काम करण्याच्या सुरक्षित जोडणीत) टाइप केलेले अक्षर सर्व्हरवर जाऊन परत आल्यावरच पडद्यावर दिसते आणि एखादे पॅकेट हरवले की ते पुन्हा पोहोचेपर्यंत त्यामागचे सगळे खोळंबते, हे मला ठाऊक आहे. तो उशीर मी सोसते. बिल जॉय यांनी व्हीआय हा व्हिमचा पूर्वज लिहिला तोच ३०० बॉडच्या अतिसंथ मोडेमवरून, त्यामुळे थोड्या कळांत मोठा बदल करणाऱ्या त्याच्या आज्ञा अशा वेळी खरोखरच उपयोगी पडतात.

अडचण बाणांच्या कळांची आहे. वरचा बाण दाबला की टर्मिनल एस्केप, कॅपिटल ओ आणि कॅपिटल ए असे तीन बाइट पाठवते. एस्केप पुढे आणि उरलेले दोन मागून आले, तर व्हिम त्यांना स्वतंत्र आज्ञा समजतो: ‘ओ’मुळे वर नवी ओळ उघडते आणि तीत ‘ए’ उमटतो. खालच्या बाणाने ‘बी’ येतो. परवा अशी एक ओळ माझ्या नजरेतून सुटली, फाइल तशीच सेव्ह झाली आणि सेवा सुरूच होईना. तेव्हापासून सेव्ह करण्यापूर्वी मी प्रत्येक फाइल जुन्या प्रतीशी ताडून पाहते.

कनेक्शन तुटले तरी काम शाबूत राहावे म्हणून मी टीमक्स हा सर्व्हरवर टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम वापरते. एस्केप दाबल्यावर व्हिम रेंगाळतो म्हणून टीमक्सचा एस्केप-टाइम (एस्केपनंतर पुढच्या बाइटची वाट पाहण्याचा अवधी) मी ५०० वरून १० मिलिसेकंदांवर आणला होता; त्रास वाढला तो त्यानंतरच. एसएसएचऐवजी संथ जोडणीसाठी बनवलेला मॉश वापरता आला असता, परंतु त्याला लागणारी ६०००० ते ६१००० मधील यूडीपी पोर्ट्स ग्राहकाच्या फायरवॉलमध्ये बंद आहेत आणि ती उघडून मिळणार नाहीत.

टीमक्स आणि व्हिम एकाच सर्व्हरवर असल्याने केवळ टीमक्सचा अवधी वाढवून व्हिमचा टीटाइमआउटलेन (व्हिमचा तसाच वाट पाहण्याचा अवधी) लहानच ठेवला तर चालेल, असे मला वाटते. हे बरोबर आहे का? आणि अशा जोडणीवर रोज काम करणाऱ्यांनी एस्केप-टाइम नेमका किती ठेवला आहे?