राष्ट्रीय उद्यानालगतचे रस्त्याकडेचे गटार: पर्यावरणविषयक मूल्यांकन लागते का? (तातडीने मदत हवी आहे)

स्थापत्यकार:
नमस्कार. बोरिवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या एका रस्त्याचे जुने दगडी गटार काढून त्याजागी रुंद काँक्रीटचे गटार बांधायचे आणि रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या दोन मोऱ्या बदलायच्या, असे लहानसे काम आमच्याकडे आहे. ते पावसाळ्यापूर्वी संपवायचे आहे. एका कार्यालयात "पर्यावरणाची मंजुरी आणा" असे सांगतात, तर दुसऱ्या कार्यालयात "एवढ्याशा कामाला कसली मंजुरी" असे म्हणतात. लेखी मात्र कोणीच देत नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा आधी करायचा अभ्यास, लागते की नाही, एवढेच कृपया सांगावे.

जुना अभियंता:
लागत नाही. या मूल्यांकनाबाबतच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात महामार्ग आहेत, रस्त्याकडेचे गटार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याला वाट नसणे म्हणजे काय हे या शहराने भोगले आहे. गटार जितके रुंद आणि गुळगुळीत, तितके चांगले. काम सुरू करा.

रानवाट:
अभियंता साहेबांचे पहिले वाक्य बरोबर आहे, पण "काम सुरू करा" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मूल्यांकन लागत नाही याचा अर्थ कोणतीच परवानगी लागत नाही, असा होत नाही. मूळ प्रश्नात तीन गोष्टी सांगितलेल्या नाहीत. काम उद्यानाच्या हद्दीच्या आत आहे की बाहेर? बाहेर असल्यास त्या जमिनीची नोंद वन म्हणून आहे का? आणि गटाराचे पाणी शेवटी कुठे पडते?

स्थापत्यकार:
रस्ता उद्यानाच्या भिंतीच्या बाहेर आहे, त्यामुळे उद्यानाचा संबंध येत नाही असे मी धरून चाललो आहे. पाणी नेहमीच्या ठिकाणी जाते.

पाड्यावरचा:
आदिवासी पाड्यासाठी काम असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन रस्ता, पाणीपुरवठा अशा ठरावीक सुविधांसाठी देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस लागते.

स्थापत्यकार:
आभारी आहे, पण हे काम पाड्यासाठी नाही.

हरितमुंबई:
संरक्षित वनापासून एक किलोमीटरच्या आत काहीही बांधता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. विषय संपला.

कायदेवाचक:
विषय संपत नाही. जून २०२२ च्या त्या आदेशात न्यायालयाने स्वतःच एप्रिल २०२३ मध्ये बदल केला. शिवाय या उद्यानासाठी डिसेंबर २०१६ ची स्वतंत्र अधिसूचना आहे. तिने सुमारे ५९ चौरस किलोमीटरचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरवले असून त्यात प्रतिबंधित, नियंत्रित आणि प्रोत्साहनपर कामांची वेगवेगळी सूची आहे. आपला रस्ता त्या नकाशावर ठेवून पाहा आणि काम कोणत्या सूचीत बसते ते लेखी विचारा. भिंतीबाहेर म्हणजे नियमाबाहेर नव्हे.

जुना अभियंता:
अशाने एकही नाला वेळेत होणार नाही. पाणी साचले की शिव्या अभियंत्यालाच बसतात.

रानवाट:
पाणी साचू नये असे आम्हालाही वाटते. पण "नेहमीचे ठिकाण" म्हणजे कोणते, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

स्थापत्यकार:
आज जाऊन पाहिले. दोन्ही मोऱ्या रस्त्याखालून भिंतीपलीकडे उघडतात आणि तिथून पाणी एका ओढ्यातून दहिसर नदीकडे जाते.

कायदेवाचक:
मग प्रश्नच बदलला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३५(६) नुसार राष्ट्रीय उद्यानात येणारे किंवा तिथून जाणारे पाणी वळवणे, अडवणे किंवा वाढवणे यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो, आणि वन्यजीवांच्या हितासाठी तो बदल आवश्यक आहे असे राज्य शासनाचे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाशी विचारविनिमय करून समाधान झाल्याशिवाय तो देता येत नाही. रस्त्यावरचे पाणी हटवणे हे कारण या अटीत बसवणे अवघड आहे. रुंद गटारातून त्या मोऱ्यांवाटे आत जाणारे पाणी वाढणार असेल, तर कामाचा आकार किती लहान आहे हा मुद्दाच उरत नाही.

रानवाट:
गुळगुळीत काँक्रीटबद्दलही बोलले पाहिजे. दगडी गटारात पाण्याचा वेग मोडतो आणि सांध्यांमधून थोडे पाणी जमिनीत मुरते. काँक्रीटमध्ये तेच पाणी वेगाने पुढे जाऊन मोरीच्या तोंडाशी ओढ्याचा काठ खरवडते. तिथे दोन फुटांची उभी पायरी तयार झाली की मोरीतून ये-जा करणाऱ्या मुंगसाची आणि उदमांजराची वाट बंद होते. उभ्या भिंतींच्या गटारात पडलेला बेडूक किंवा कासव वर चढू शकत नाही, म्हणून ठरावीक अंतरावर एका बाजूला खडबडीत उतार ठेवावा. मोरीचा तळ ओढ्याच्या तळाशी समपातळीत असावा, खोदलेला राडारोडा ओढ्यात जाता कामा नये, आणि बिबट्याचा वावर असल्याने काम दिवसाउजेडीच व्हावे.

जुना अभियंता:
उताराची सूचना मला मान्य आहे. गाळ काढणाऱ्या माणसालाही त्याचा उपयोग होईल. पण वाढीव पाणी आत सोडायचे नसेल तर ते न्यायचे कुठे? रस्त्याचा उतार उलट दिशेला घेऊन ते शहराच्या बाजूच्या पर्जन्य जलवाहिनीत सोडता येते का, हे आधी तपासा. त्या वाहिनीची क्षमता मात्र मोजून घ्या, नाहीतर पुढच्या वस्तीत पाणी तुंबेल.

रानवाट:
आत जाणारे पाणी घटले तर तोही बदलच ठरतो, अभियंता साहेब. म्हणून आज जेवढे पाणी मोऱ्यांतून जाते तेवढेच जाऊ द्यावे आणि फक्त वाढीव पाणी शहराच्या बाजूला न्यावे.

स्थापत्यकार:
हे पटले. रस्त्याच्या पातळ्या आणि दोन्ही मोऱ्यांचे सध्याचे छेद नव्याने मोजून घेतो. कागद आधी कोणाकडे न्यावेत?

कायदेवाचक:
उद्यानाच्या संचालक कार्यालयाकडे. सोबत २०१६ च्या नकाशावर आखलेला रस्ता, जमिनीचा उतारा, आणि आधीचा व नंतरचा प्रवाह दाखवणारा तक्ता जोडा. झाड तोडावे लागणार असेल तर वृक्ष प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करा. पत्रात "परवानगी लागते का" असे विचारू नका. "आत जाणाऱ्या पाण्यात बदल होत नाही, याची आकडेवारी सोबत आहे, त्यावर लेखी अभिप्राय द्यावा" असे लिहा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका.