भंगारातली सर्व्हो मोटर घरच्या सीएनसीला: ड्राइव्हसकट मिळाली तर घ्याच

अक्कलकोट रोडकर
हाताने चालणारं जुनं मिलिंग मशीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं, करायला घेतलंय. आमच्या एमआयडीसीत टॉवेल कापून शिवणारं एक मशीन भंगारात निघालं, त्याच्या ७५० वॅटच्या तीन सर्व्हो मोटरी (पाठीवरच्या सेन्सरने आपली जागा सांगत फिरणाऱ्या) ड्राइव्ह, म्हणजे त्यांना चालवणारे इलेक्ट्रॉनिक डबे, आणि केबलसकट उचलल्या. मित्रमंडळी म्हणतात, भंगारावर पैसे घालू नको, नवे स्टेपर (ठरलेल्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरी) घे. मला हे पटत नाही.

ही मोटर ३००० आरपीएमपर्यंत २.४ न्यूटन-मीटर जोर सतत देते, क्षणभर त्याच्या तिप्पट. स्टेपरचा मोठा आकडा उभ्या मोटरीचा असतो, वेग वाढला की जोर गळतो. माझ्या ५ मिमी पिचच्या बॉलस्क्रूवर (टेबल सरकवणारा स्क्रू, एका फेऱ्यात ५ मिमी) सर्व्होने मिनिटाला १५ मीटर मिळतात.

तपासणी तिथंच केली. आधी प्रत्येक मोटरीच्या तिन्ही पॉवर वायरी मोकळ्या ठेवून शाफ्ट हाताने फिरवला. मग त्या एकमेकींना जोडून फिरवला, तर मध घोटल्यासारखा जड लागला, पूर्ण फेऱ्यात सारखाच. म्हणजे वाइंडिंग आणि मॅग्नेट शाबूत. बॉडीशी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून पाहिला, तोही ठीक. एकीचा शाफ्ट मात्र हललाच नाही. ती बेअरिंग जाम म्हणून बाजूला टाकली.

जॉबवाला, चिंचोळी
भाऊ, मी नेमका उलट सांगेन. मिनिटाला १५ मीटर घरच्या मिलिंगवर कुठं वापरणार? अडीच मीटर पुरतात, आणि तुझ्या स्क्रूवर ते ५०० आरपीएम झाले. तिथं स्टेपर दमत नाही. स्टेपर पाऊल (स्टेप) चुकला तरी मशीनला कळत नाही, ही लोकांची ओरडही जुनी झाली. क्लोज्ड लूप स्टेपरच्या पाठीवर एन्कोडर, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर, असतो, तो चूक पकडून अलार्म देतो.

मी या वाटेने गेलोय. सर्व्हो मोटरी स्वस्त मिळाल्या, ड्राइव्ह नव्हते. एन्कोडर १७ बिटचा सिरियल, फेऱ्याला १,३१,०७२ काउंट. त्याची भाषा त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतल्या ड्राइव्हला कळते. ड्राइव्ह शोधण्यात चार महिने गेले. सापडला तर एन्कोडरचा अलार्म. उघडून पाहिलं तर आतली काचेची चकती तडकलेली. भंगारवाल्याने कपलिंग काढायला शाफ्टवर हातोडा मारला होता. उद्या तुझा एक ड्राइव्ह गेला तर जोड कुठून आणशील?

अक्कलकोट रोडकर
दादा, म्हणूनच मी जोडीची अट घातली. नुसती मोटर मीही घेणार नाही. वेगाचं तुमचं बरोबर आहे, १५ मीटर कोणी चालवत नाही. पण मला ॲल्युमिनिअमचे साचे कोरायचेत. त्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या हजारो छोट्या हालचाली. तिथं वेगापेक्षा झटक्यात सुटणं आणि थांबणं मोजलं जातं, आणि ती तिप्पट ताकद तिथंच उपयोगी पडते.

माग फिटर
तीस वर्षं मागावर काढली, म्हणून दोन शब्द. रॅपिअर मागाच्या (धोट्याविना विणणाऱ्या मागाच्या) मोटरी कुणी आणल्या तर परत करा. बीम सोडायला आणि कापड ओढायला सर्व्हो असतात खरे, पण त्यांचे बरेचसे ड्राइव्ह मागाच्या कार्डाचंच ऐकतात, सीएनसी कंट्रोलर देतो ते पल्स-दिशा सिग्नल घेत नाहीत. तुम्ही शिलाई मशीनच्या आणल्या ते चांगलं केलंत.

आणि ती जाम मोटर टाकू नका. दोन वायरी जास्त आहेत का बघा. तो ब्रेक असतो, वीज नसली की पकडतो. त्याला २४ व्होल्ट डीसी द्या, मग फिरवा.

वायरमन ताई
कुणी विजेचं बोलत नाही म्हणून लिहिते. २०० व्होल्ट वर्गाचा ड्राइव्ह आपल्या २३० वर लावला की आत डीसी ३२५ व्होल्ट होतात. मेन बंद केली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. चार्जचा दिवा विझेपर्यंत थांबा, वर पंधरा मिनिटं धरा, आणि मीटर लावूनच हात घाला.

घरात रात्री व्होल्टेज २५० ला गेलं की आतले साडेतीनशेच्या वर जातात. त्यात जड टेबल पटकन थांबवलं की मोटर वीज उलटी पाठवते. साधारण ४०० ला ड्राइव्ह ट्रिप होतो, आणि लोक ड्राइव्ह खराब म्हणून फेकतात. ती उलटी वीज जिरवणारा रिजनरेशन रेझिस्टर जोडा, थांबण्याचा वेळ थोडा वाढवा. इमर्जन्सी बटणाने कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) पडून ड्राइव्हची मेन तुटली पाहिजे, नुसता सॉफ्टवेअरचा स्टॉप चालणार नाही. अर्थिंग नसेल तर काम सुरूच करू नका.

अक्कलकोट रोडकर
काका, आत्ताच बघितलं. छोटा दोन पिनांचा वेगळा कनेक्टर होता. सप्लाय लावल्याबरोबर टक् असा आवाज आला आणि शाफ्ट बोटाने फिरला. ताई, कॉन्टॅक्टर उद्याच आणतो.

जॉबवाला, चिंचोळी
ती ब्रेकवाली झेडला, म्हणजे वर-खाली होणाऱ्या अक्षाला, लाव. वीज गेली की स्पिंडलचं वजन जॉबवर येणार नाही. बाकी ज्याला ड्राइव्हचं मॅन्युअल वाचायला वेळ नाही, त्याला मी आजही नवा क्लोज्ड लूप स्टेपरच सांगेन.