अंडाशयाचा कॅन्सर, टप्पा 3सी (पोटात पसरलेला). ऑपरेशन रोबोटने करावं का?

मावशीची_भाची: मावशीच्या केमोचे तीन डोस झाले (कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल), सीए-125 (या कॅन्सरची रक्तातली खूण) बरंच उतरलं. आता सर्जन म्हणतात रोबोटने करू. रोबोटचे पैसे वेगळे, विमा ते देईल असं दिसत नाही. पण माझा आक्षेप पैशांचा नाही. हा आजार एका जागी बसत नाही. डायफ्रामखाली (छाती आणि पोटामधला पडदा), आतड्यांच्या घड्यांत साबुदाण्याएवढे दाणे पसरतात. ते बोटांना लागतात. बऱ्याच रोबोटमध्ये सर्जनच्या हाताला काही जाणवतच नाही. माझं मत, पोट उघडूनच करावं.

टाक्यांची_साक्षीदार: अजिबात पटलं नाही. आईची चीर बेंबीच्या वरपर्यंत होती. टाके पिकले, उरलेली केमो तीन आठवडे लांबली. ते नुकसान कोणाच्या खात्यात? आणि रोबोट काही स्वतःहून कापत नाही हो, शेजारी कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलाशी, सर्जनच बसलेला असतो. मोठं करून, खोलीसकट दिसतं त्याला.

जुना_रेसिडेंट: 'छोटी भोकं, तेवढाच फायदा' हे आधीही ऐकलंय. 2018 ची लॅक चाचणी आठवा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये दुर्बीण किंवा रोबोटवाल्या गटात साडेचार वर्षांनी आजारमुक्त 86 टक्के, पोट उघडलेल्या गटात 96.5. भलेभले गप्प झाले.

टाक्यांची_साक्षीदार: अहो, तो अवयव वेगळा, टप्पा सुरुवातीचा. तिथला आकडा इथे कसा चिकटवता? 3सी-4 मध्ये आधी केमो, मग दुर्बीण की उघडं, याचसाठी लॅन्स चाचणी वेगळी आखावी लागली. त्यातही केमोला चांगला प्रतिसाद दिलेल्याच बायका.

जुना_रेसिडेंट: चिकटवत नाही, सावध करतोय. मला विचाराल तर भांडण यंत्राचं नाहीच. डोळ्यांना दिसणारं काही मागे उरलं का, यावर पुढचं आयुष्य ठरतं. सर्जनला एकच विचारा: मधे अडलं तर उघडणार ना?

मावशीची_भाची: विचारलं. म्हणाले, आधी दुर्बिणीने पाहू, डायफ्रामवर जास्त दिसलं तर लगेच उघडू. संमतीपत्रावर दोन्ही लिहून घेतलंय. माझं मन अजून उघड्याकडेच आहे. मावशीने मात्र सही करताना एवढंच सांगितलं, "टाके कितीही घाला, पण परत टेबलावर बोलवू नका."