जुना थिंकपॅड टी४२०: एसएसडी, जुनी हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह. कुठे काय बसवावे?

कडेकपारी:
लॅपटॉप लेनोवो थिंकपॅड टी४२०, आय५ प्रोसेसर, रॅम ४ जीबी. मूळ ३२० जीबी, ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क आहे, त्यात साधारण २४० जीबी भरलेले (मुख्यतः फोटो आणि स्कॅन केलेली कागदपत्रे). विंडोज १० सुरू व्हायला चार मिनिटे लागतात. डिस्कची तब्येत दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा 'सावधान' दाखवते: ०५ (बदललेले सेक्टर) शून्य, सी५ पुढे ८. प्रश्न असे:
१) ५०० जीबीची एसएसडी घ्यावी म्हणतो. मुख्य जागेत की डीव्हीडीच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत)?
२) जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन (हुबेहूब नक्कल) करता येईल का?
३) पन्नासेक जुन्या सीडी-डीव्हीडी आहेत, त्यातला डेटा कशावर ठेवावा?

तांब्याची_तार:
आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, कारण घाई तिथे आहे. सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि पुढे काय करायचे ते डिस्कने अजून न ठरवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). क्रिस्टलडिस्कइन्फो हा आकडा सोळाच्या पायाने (हेक्स पद्धतीत) दाखवते. तुमचा ८ हा आठच, पण उद्या १० दिसले तर ते सोळा समजा. आठ सेक्टर म्हणजे बहुधा ४ केबीचा एकच तुकडा. लगेच डिस्क उडेल असे नाही, पण आकडा वाढत असेल तर दिवस कमी आहेत. तोवर या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचे डिस्क तपासायचे साधन) चालवू नका आणि डीफ्रॅगही नको. दोन्ही प्रकारांत आजारी डिस्कला तासन्‌तास पळवले जाते, आणि चेकडिस्क तर तुटक्या फायली 'दुरुस्त' करताना छाटूनही टाकते.

सर्वांत आधी फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर साध्या कॉपीने उतरवा. टी४२०ची सगळी यूएसबी पोर्ट २.०ची आहेत, सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळेल. २४० जीबीला सव्वादोन तास धरा, छोट्या फायली भरपूर असतील तर जास्तच. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जा.

चौदा_इंच:
क्लोनबद्दल. नेहमीची क्लोन करणारी सॉफ्टवेअर वाचता न येणाऱ्या सेक्टरवर थांबतात किंवा तिथेच घुटमळत बसतात. अशा डिस्कला डीडीरेस्क्यू हेच योग्य साधन. लिनक्सचा लाइव्ह (काही न बसवता थेट चालणारा) पेनड्राइव्ह बनवा, सुरू होताना एफ१२ दाबून त्यावरून बूट करा. नवी एसएसडी यूएसबीऐवजी डीव्हीडीच्या जागी कॅडीत बसवा. ती जागा सॅटा २ (डिस्क जोडणीचा जुना, हळू प्रकार) आहे, म्हणजे जुन्या डिस्कच्या वेगाला पुरून उरते. पूर्ण ३२० जीबी साधारण सव्वा तासात उतरतील, यूएसबी २.०वरून तीन तास लागले असते.

पहिल्या फेरीत 'एन' हा पर्याय द्या, म्हणजे खराब भाग खरवडत न बसता चांगला भाग आधी उतरतो. दुसऱ्या फेरीत 'आर३', म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न. मॅप फाइल (कुठला भाग उतरला त्याची नोंद) वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह सिस्टिम बंद झाली की तिच्यातले सगळे जाते, आणि मॅपशिवाय दुसरी फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कमांड देण्याआधी कुठली डिस्क ३२० आणि कुठली ५०० हे आकारावरून दोनदा पाहा. उगम आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर फोटोंवर रिकामी डिस्क लिहिली जाईल आणि त्यावर उपाय नाही.

झाल्यावर लॅपटॉप बंद करा, जुनी डिस्क काढा, एसएसडी मुख्य जागेत घाला आणि मगच पहिल्यांदा विंडोज सुरू करा. दोन्ही डिस्क एकत्र राहिल्या तर दोघींची डिस्क-सही (ओळख क्रमांक) एकच असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन करते. चेकडिस्क आता चालवा, पण क्लोनवर. नंतर 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज्'मधून ट्रिम (रिकामी जागा कुठली ते एसएसडीला कळवणे) एकदा हाताने चालवा, कारण डीडीरेस्क्यूने रिकामे सेक्टरही लिहिलेले असतात आणि एसएसडीला ते भरलेलेच वाटतात.

पानगळ:
डीडीरेस्क्यूशी सहमत, पण त्याने उतरवलेली प्रतिमा (डिस्कची नक्कल) जपून ठेवायला वापरा, रोजच्या वापराला नको. चार मिनिटे बूट घेणारे विंडोज तसेच्या तसे नव्या एसएसडीवर नेण्यात अर्थ नाही. शिवाय विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही. फोटो आणि कागदपत्रांपुरते काम असेल तर लिनक्स मिंट कोरे टाका. बायोसमध्ये एफ१ने जाऊन सॅटा मोड एएचसीआय (एसएसडीला योग्य तो मोड) आहे ना ते आधी पाहा. तो 'कंपॅटिबिलिटी'वर असताना टाकलेले विंडोज नंतर एएचसीआय केल्यावर निळ्या पडद्यावर ०एक्स७बी देऊन थांबते.

आणि रॅम वाढवा. ४ जीबीत ब्राउझर उघडला की पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची फाइल) डिस्कवर आदळत राहते, एसएसडी घालूनही अडखळणे उरते. डीडीआर३ १३३३, १.५ व्होल्टची ४ जीबीची एक काडी पुरे.

तांब्याची_तार:
जागेचा प्रश्न. एसएसडी मुख्य जागेतच. तिथे सॅटा ३ आहे. अनुक्रमे वाचण्याचा वेग ५०० एमबीच्या पुढे जातो, कॅडीत तो २७०च्या आसपास अडकतो. खरे सांगायचे तर रोजच्या वापरात हा फरक फारसा जाणवत नाही, एसएसडीची मजा छोट्या छोट्या वाचनात आहे. पण मुख्य जागेवरून बूट आणि स्लीप यांची कटकट कमी. काही स्वस्त कॅडीतली डिस्क स्लीपमधून उठतच नाही.

बसवणे सोपे: चार्जर काढा, बॅटरी काढा, तळाच्या झाकणाचा एक स्क्रू, झाकण सरकवा, पट्टी धरून डिस्क बाहेर ओढा. जुन्या डिस्कचे रबरी कडे नव्या एसएसडीला चढवा. एसएसडी ७ मिमी जाड असते, ९.५ मिमीच्या जागेत ती सैल हलते आणि कनेक्टरवर ताण येतो, २.५ मिमीची प्लॅस्टिक पट्टी लावा.

कॅडी घेताना टी४२०ला १२.७ मिमीची, टी४२०एसला ९.५ची. दुकानात मॉडेल सांगूनही चुकीची मिळते, पट्टीने मोजून घ्या.

कडेकपारी:
मग कॅडीत जुनी डिस्क ठेवू का? आणि एमसॅटाचे कुठेतरी वाचले.

चौदा_इंच:
सी५ दाखवणारी डिस्क कॅडीत नको, तिच्यावर काहीच महत्त्वाचे ठेवू नका. नवी २.५ इंची हार्ड डिस्क घेणार असाल तर जाडी बघा. ४ आणि ५ टीबीच्या १५ मिमी जाड असतात, बसणारच नाहीत. ७ मिमीच्या १ टीबी डिस्क बहुतेक एसएमआर प्रकारच्या (माग एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या). एकदम मोठी कॉपी टाकली की वेग काही एमबीवर कोसळतो. साठवणीला चालतात, रोजच्या लिहिण्याला नाही.

एमसॅटाची (कार्डाच्या आकाराच्या छोट्या एसएसडीची) जागा टी४२०ला आहे, सिमवाल्या मॉडेम कार्डाचीच. कीबोर्ड काढावा लागतो. वेग सॅटा २. बायोस ठरावीक कार्डेच चालू देते, पण ही बंदी एमसॅटाला लागत नाही. फक्त एम.२ किंवा एनव्हीएमई कार्ड घेऊ नका, ते तिथे चालत नाही.

पानगळ:
तिसरा प्रश्न. डीव्हीडी ड्राइव्ह टाकू नका, सगळ्या सीडी उतरवून होईपर्यंत तो लागणार आहे. प्रत्येक डिस्कची आयएसओ प्रतिमा बनवा. फायली एकेक ओढण्यापेक्षा भिंगाची ये-जा कमी. अडली तर मऊ, कोरड्या सुती कापडाने मध्यापासून कडेकडे पुसा, गोल नाही, कारण गोल ओरखडा माग पूर्ण पुसून टाकतो. डीडीरेस्क्यू सीडीवरही चालतो, त्याला सेक्टर २०४८चा सांगायचा. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच डिस्क कधी कधी सहज वाचली जाते, मग मॅप फाइल तीच ठेवून उरलेले भाग तिथे मिळवा.

ठेवायला दोन प्रती: एक एसएसडीवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. एसएसडी महिनोन्‌महिने विजेविना कपाटात ठेवण्याची वस्तू नाही, वापरून झिजलेली तर अजिबात नाही. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपियरच देते, आणि डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त ओढते. टक-टक आवाज येऊन डिस्क गायब होत असेल तर आधी दोन पोर्टांना लागणारी वाय केबल वापरून पाहा. बऱ्याचदा डिस्क चांगली असते. आणि स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) सी७, म्हणजे डेटा पोचवतानाच्या चुका, वाढत असेल तर दोष केबलचा किंवा कनेक्टरचा, डिस्क बदलायच्या आधी ती बदला.

कडेकपारी:
समजले. आज रात्री फोटोंची कॉपी लावतो. कॅडी १२.७ची, ५०० जीबी एसएसडी आणि रॅमची काडी मागवतो. सी५चा आकडा कॉपी झाल्यावर इथे टाकतो.

तांब्याची_तार:
कॉपीच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही टाका. १०च्या पुढे गेला असेल तर डीडीरेस्क्यूची पहिली फेरी एसएसडी येईपर्यंत थांबवू नका. बाहेरच्या डिस्कवर ३२० जीबी मोकळी जागा असेल तर प्रतिमा तिथेच फाइल म्हणून उतरवा. ती जागा एक्सफॅट किंवा एनटीएफएस असावी, फॅट३२वर ४ जीबीच्या पुढची फाइल मावत नाही.