सुपरवायझर झाल्यापासून माणसे मला खरे सांगेनाशी झाली आहेत

रबाळेकर यांचा प्रश्न

नमस्कार. रबाळे एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात मी काम करतो. सीएनसी लेथवर (संगणकाच्या सूचनांनुसार धातू कातणाऱ्या यंत्रावर) आम्ही वाहनांसाठी लागणारे सुटे भाग बनवतो. नऊ वर्षे आधी ऑपरेटर आणि मग सेटर (यंत्र कामासाठी लावून देणारा) म्हणून काम केल्यावर आठ महिन्यांपूर्वी मला सुपरवायझर करण्यात आले. हाताखाली १४ माणसे आहेत, त्यांपैकी ५ कंत्राटी आहेत. ज्यांनी मला व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) कसा धरायचा इथपासून शिकवले ते मामाही (सगळा शॉप त्यांना मामाच म्हणतो) कागदोपत्री आता माझ्याच हाताखाली येतात.

गेल्या महिन्यात चाकणच्या एका ग्राहकाने आमचा ४०० नगांचा लॉट परत पाठवला. त्या भागाचे बोअर (आतले गोल भोक) ४२ मिलिमीटरचे असून त्याला एच७ टॉलरन्स आहे, म्हणजे माप ४२.००० ते ४२.०२५ या २५ मायक्रॉनच्या पट्ट्यातच बसले पाहिजे. परत आलेला माल आम्ही दोन दिवस बसून एकेक करून तपासला, तेव्हा ११ नगांचे बोअर मोठे निघाले. लहान राहिले असते तर पुन्हा काप घेता आला असता. मोठे झालेले बोअर म्हणजे भंगारच. कारण शोधायला वेळ लागला नाही. इन्सर्ट (कापणारे छोटे पाते) झिजत जाते तसतसे बोअर लहान होऊ लागते, म्हणून ऑपरेटर थोडेथोडे ऑफसेट (यंत्राला दिलेली मापाची दुरुस्ती) देत राहतो आणि नवे इन्सर्ट बसवल्यावर ते साठलेले ऑफसेट शून्य करतो. ते शून्य करायचे राहून गेले होते, आणि राहिले होते ते मामांकडून.

चूक कोणाकडूनही होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला लागली ती पुढची गोष्ट. मामांच्या ती चूक बाराव्या नगाच्या आधीच लक्षात आली होती. त्यांनी ऑफसेट दुरुस्त केले, पण आधीचे ११ नग बाजूला न काढता क्रेटमध्ये तसेच जाऊ दिले. मी विचारले, ‘‘मामा, मला सांगितलं का नाही?’’ त्यावर ते एवढेच म्हणाले, ‘‘सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, ते मला ठाऊक आहे.’’

मी स्वतःला कडक समजत नाही. तरीही जेवणाच्या सुटीत माझ्यासमोर मोकळेपणाने बोलणारी माणसे आता मी जवळ गेलो की यंत्राकडे तोंड वळवतात. खरी बातमी मला सर्वांत शेवटी कळते. हे बदलायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

वागळे इस्टेटचा निवृत्त

मी वागळे इस्टेटमधील एका कंपनीच्या टूलरूममध्ये ३२ वर्षे काढली. आता तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि आमच्या शेडच्या जागी पार्किंग आहे, पण तो विषय राहू द्या.

टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला अडचण दिसली की तो डोक्यावरची दोरी ओढतो, आणि अडचण ठरलेल्या टप्प्यापर्यंत सुटली नाही तर उत्पादनाची ओळ थांबते, हे आमच्या मालकांच्या मुलाने कुठेतरी वाचले आणि प्रत्येक यंत्रावर लाल दिवा व त्याचे बटन बसवून घेतले. पहिल्या तीन महिन्यांत तो दिवा दोनदा लागला, आणि त्यातील एकदा शॉर्ट सर्किटमुळे. याचे कारण सर्वांना माहीत होते. पहिल्यांदा एका पोराने खरोखर बटन दाबले तेव्हा मॅनेजर केबिनमधून निघाले आणि येताना वाटेतच मोठ्याने विचारत आले, ‘‘कोणी थांबवलं?’’ तिकडे दोरी ओढल्यावर गटप्रमुख येतो तो मदत करायला. आमच्याकडे दोरी आली, पण येणारा माणूस जुनाच राहिला.

तेव्हा मामा काय म्हणाले ते पुन्हा वाचा. त्यांनी तुम्हाला उत्तर दिलेले आहे. आधी कोणीतरी तुमच्याकडे चूक घेऊन आला असेल आणि त्याचे काय झाले ते मामांनी पाहिले असेल. तो प्रसंग आठवा.

एक मात्र सांगतो. सर्व चुका माफ, असेही करू नका. विसरणे वेगळे आणि माप न घेताच तपासणीच्या कागदावर आकडे भरणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला मी माझ्या काळात एकदाच समज देत असे, आणि तीही खोलीत, दार लावून.

सिस्टर इनचार्ज, ठाणे

माझे क्षेत्र वेगळे आहे, परंतु प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून लिहिते. ठाण्यातील एका रुग्णालयात मी वॉर्डची जबाबदारी सांभाळते. आमच्याकडे सारख्या दिसणाऱ्या औषधांची मोठी धास्ती असते. काही वर्षांपूर्वी, नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीला डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडची एक ॲम्प्यूल दिसली. हे औषध पातळ न करता थेट शिरेतून गेले तर हृदय थांबू शकते. तिने ती ॲम्प्यूल निमूटपणे जागेवर ठेवून दिली असती तर कोणालाही काहीही कळले नसते, कारण प्रत्यक्षात काहीच घडलेले नव्हते. पण ती माझ्याकडे आली, आणि सांगताना तिचा आवाज कापत होता, कारण आदल्या रात्री तो ट्रे तिनेच भरला होता.

माझ्या तोंडावर ‘‘लक्ष कुठे होतं तुझं?’’ हे वाक्य आले होते. ते मी कसे गिळले हे माझे मलाच माहीत. त्याऐवजी मी विचारले, ‘‘ही इथे आली कशी, ते आपण दोघी मिळून बघू या.’’ पाहिले तेव्हा समजले की दोन्ही ॲम्प्यूल एकाच कपाटात, एकाच खणात, शेजारी शेजारी ठेवल्या जात होत्या आणि रात्री त्या कोपऱ्यात उजेड नीट पडत नव्हता. त्या आठवड्यातच ते औषध वॉर्डच्या सर्वसाधारण साठ्यातून काढून लाल लेबल लावून कुलपात ठेवले. तिच्या जागी मी असते, तरी त्या उजेडात माझ्याकडूनही तेच झाले असते.

सांगण्याचा मुद्दा असा की ‘कोणी केले’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले की शोध तिथेच थांबतो. तुमच्या बाबतीत उत्तर ‘मामा’ असे मिळाले आणि तुम्ही त्यांच्या न सांगण्याकडे वळलात. इतका अनुभवी माणूस ऑफसेट शून्य करायला का विसरला, हे तुम्ही विचारल्याचे तुमच्या लिहिण्यात मला दिसले नाही. त्या वेळी ते दोन यंत्रे सांभाळत होते का? कोणी मध्येच हाक मारली होती का?

ऐरोली ते ठाणे

सिस्टरांचे म्हणणे पटले. मी ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. अशा वेळी मला एसएलव्ही-३ या भारताच्या उपग्रह प्रक्षेपक अग्निबाणाची हकीकत आठवते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून झालेले पहिले उड्डाण अपयशी ठरले, तेव्हा प्रकल्पाचे संचालक अब्दुल कलाम असूनही इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले आणि जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा त्यांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवले. तुम्हीही ग्राहकासमोर आणि मालकांसमोर चूक स्वतःच्या नावावर घेतलीत, तर माणसे आपोआप बोलू लागतील.

वागळे इस्टेटचा निवृत्त

ही हकीकत खरी आहे आणि धवन यांच्याबद्दलचा आदर माझ्याही मनात आहे, पण व्याख्यानांतून तिचा अर्धाच भाग सांगितला जातो. त्या पहिल्या उड्डाणाची उलटी मोजणी चालू असताना संगणकाने उड्डाण रोखून धरले होते, आणि तज्ज्ञांशी बोलून आपण तो इशारा बाजूला सारून उड्डाण केले, हे कलामांनी स्वतःच सांगितलेले आहे. संगणक बोलला, कारण त्याला कोणाची भीड नव्हती. आपल्या शॉपमध्ये इशारा देणारा माणूस असतो आणि त्याला भीड असते, घर असते, हप्ते असतात. मालकांपुढे ढाल होणे चांगलेच. पण त्यामुळे माणसे आपोआप बोलू लागत नाहीत. त्यांनी मालकांसमोरचे तुमचे बोलणे ऐकलेलेच नसते. त्यांनी ऐकलेले असते ते यंत्रापाशी तुम्ही काय बोललात तेवढेच.

दुसरी पाळी

इथे बहुतेक सर्वजण साहेबांच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून मी खालच्या बाजूने लिहितो. महापे येथील एका कारखान्यात मी ऑपरेटर आहे. चूक झाल्यावर मी सांगत नाही, असे बऱ्याचदा घडले आहे, आणि त्यामागे दर वेळी हिशेब होता.

पहिला हिशेब पैशांचा. आमच्याकडे रिजेक्शन ठरावीक प्रमाणापेक्षा वाढले की त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला जातो. खरे सांगितले तर नुकसान नक्की, लपवले तर कदाचित. गरजू माणूस ‘कदाचित’ निवडतो. त्याला नीतीचे धडे देण्यापूर्वी त्याची पगाराची पावती पाहावी.

दुसरा हिशेब नोकरीचा. कंत्राटी माणसाला काढायला कागदसुद्धा लागत नाही. ठेकेदाराला ‘उद्यापासून याला पाठवू नकोस’ असा फोन गेला की झाले. तुमच्या ५ जणांना ‘मला मोकळेपणाने सांगा’ असे तुम्ही शंभर वेळा म्हणालात तरी ते मान हलवतील आणि गप्प राहतील. त्यांपैकी एखाद्याने चूक सांगितल्यानंतरही तो पुढच्या महिन्यात कामावर दिसला, तरच बाकीचे चौघे विश्वास ठेवतील.

तिसरा हिशेब लाजेचा, आणि वयाने मोठ्या माणसाला तोच जास्त असतो. ज्या पोराला आपण शिकवले त्याच्यापुढे जाऊन ‘माझ्याकडून राहिले’ असे म्हणणे सोपे नाही. मामांना तुमच्या रागाची भीती वाटली असेल असे मला वाटत नाही. त्यांना चारचौघांत होणारी शोभा नको होती.

एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. तुमच्या शॉपमध्ये रिजेक्शनचा फलक आहे का, आणि त्यावर नावे लिहिलेली असतात का?

रबाळेकर

आहे. आणि नावे लिहायला मीच सुरुवात केली.

सुपरवायझर झाल्यावर पहिल्याच महिन्यात, आपण काहीतरी नवीन करून दाखवले पाहिजे अशा उत्साहात, मी पाण्याच्या कूलरशेजारी पांढरा फलक लावला आणि रोजचे रिजेक्शन यंत्राच्या क्रमांकासह व माणसाच्या नावासह लिहू लागलो. हेतू स्पर्धा लागावी असा होता. दुसऱ्याच आठवड्यात एका कंत्राटी मुलाने टूल मोडल्याचे येऊन सांगितले. मी ‘‘बरं झालं सांगितलंस’’ असे म्हणालो आणि संध्याकाळी त्याचे नाव फलकावर लिहिले. त्याच्यापुढे इतरांनी ‘टूलतोड्या’ असे लिहिले, ते मी वाचले, हसलो आणि पुसले नाही. निवृत्तकाकांनी आठवायला सांगितलेला प्रसंग हाच असावा. तो मुलगा नंतर ठेकेदाराकडून दुसरीकडे गेला. मला वाटले होते की घर लांब पडते म्हणून गेला.

सिस्टर, तुमच्या प्रश्नाचे उत्तरही मी काल मामांकडून घेतले. त्या दिवशी दुसरा ऑपरेटर आलेला नव्हता, त्यामुळे ते दोन यंत्रे पाहत होते. इन्सर्ट बदलत असतानाच मी त्यांना दुसऱ्या यंत्राकडे बोलावले होते. बोलावणारा मीच होतो, हे माझ्या अजिबात लक्षात नव्हते.

सिस्टर इनचार्ज, ठाणे

इतके स्पष्टपणे लिहिलेत, याचे कौतुक वाटते. आता हेच शॉपमध्ये सर्वांसमोर बोलता येईल का ते पाहा. मामांचे नाव न घेता, फक्त स्वतःचा भाग.

रबाळेकर (तीन आठवड्यांनी)

कोणी विचारलेले नसतानाही, काय झाले ते लिहीत आहे.

फलकावरची नावे काढली. आता तिथे यंत्र, दोष आणि कारण एवढेच लिहिले जाते. शनिवारी पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसे एकत्र असताना, मी सांगितले की इन्सर्ट बदलत असलेल्या माणसाला मी हाक मारली होती आणि ती हाक चुकीची होती. कोणी काही बोलले नाही. दोघे मोबाइल पाहत होते. ठाण्याला परतताना गाडीत मला वाटत राहिले की आपण उगाच हसे करून घेतले.

त्यानंतर नवव्या दिवशी, रात्री साडेनऊच्या सुमारास, एक कंत्राटी मुलगा बोअर गेज (भोकाचे माप घेण्याचे साधन) हातात घेऊन आला आणि ते पडल्याचे त्याने सांगितले. मला राग आला. ते गेज महाग आहे आणि पडल्याची खूण त्यावर दिसतही नव्हती. त्याने ते पेटीत ठेवून दिले असते तर चालून गेले असते. मी दहा सेकंद काहीच बोललो नाही. मग आम्ही दोघांनी ते रिंग गेजवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) लावून पाहिले, तेव्हा ते ८ मायक्रॉनचा फरक दाखवत होते. २५ मायक्रॉनच्या पट्ट्यात ८ मायक्रॉन म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. ते पडल्यानंतर फक्त ६ नग मोजले गेले होते, ते बाजूला काढले, दुसऱ्या गेजने तपासले आणि पुढचे काम चालू झाले. तो मुलगा अजून आमच्याकडेच आहे. ठेकेदाराला मी तसे मुद्दाम कळवून ठेवले आहे.

मामा पूर्वीसारखे बोलत नाहीत. मात्र परवा त्यांच्या यंत्रावर पुठ्ठ्याचा एक तुकडा लटकवलेला दिसला. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिले आहे: ‘इन्सर्ट बदलले, ऑफसेट शून्य केले, पहिला नग मोजला. तोपर्यंत हाक मारू नये.’ शेवटचे वाक्य माझ्यासाठी आहे, हे मला समजले. तसाच पुठ्ठा आता आणखी तीन यंत्रांवर लागला आहे.

‘दुसरी पाळी’ यांनी मांडलेला इन्सेंटिव्हचा प्रश्न माझ्या हातात नाही. स्वतःहून सांगितलेले रिजेक्शन कपातीत धरू नये, अशी विनंती मी मालकांकडे लेखी दिली आहे. मग कोणीही काहीही सांगून मोकळा होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर मी त्यांच्यासमोर ११ नगांचा खर्च आणि ४०० नगांची ने-आण, दोन दिवसांची तपासणी व ओव्हरटाइम यांचा खर्च असे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पुढच्या महिन्याच्या पगाराआधी बोलू, असे त्यांनी सांगितले आहे.