मदत हवी आहे : जांभ्यात गोएथाइट (लोखंडाचं, पाणी धरून असलेलं खनिज) किती, हे कसं मोजावं?

पाचगणीकडच्या खोदाईतून निघालेल्या जांभ्याचे तुकडे आहेत. पोर्सेलीन फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासलं की सालीची रेघ पिवळट तपकिरी उमटते, म्हणजे गोएथाइट. आतल्या गाठींची विटकरी लाल, म्हणजे हेमॅटाइट (लोखंडाचंच, पण बिनपाण्याचं खनिज). लोहचुंबकाला दोन्ही दाद देत नाहीत. इथवर सोपं आहे.

घोडं अडलंय प्रमाणावर. 105 अंशांवर सुकवून 300 च्या वर भाजलं की गोएथाइट पाणी सोडून हेमॅटाइट होतं, वजन 10 टक्के घटतं. पण जांभ्यातलं गिब्साइटही (ॲल्युमिनियमचं, पाणी धरून असलेलं खनिज) साधारण त्याच तापमानाला पाणी सोडतं, आणि तेही जवळपास 35 टक्के! मग घट कोणाच्या नावावर मांडायची?

गरम कॉस्टिक सोड्यात गिब्साइट आधी विरघळवून घ्यावं म्हणतो (भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं अजिबात नको). केओलिनला (जांभ्यातल्या चिनी मातीला) धक्का लागू नये म्हणून सोडा किती तीव्र ठेवावा? साताऱ्यात किंवा सांगलीत एक्स-रे डिफ्रॅक्शन (क्ष-किरणांनी खनिजं ओळखायची चाचणी) कुठे करून मिळेल?